सात वर्षांचं कुलूप

४ फेब्रुवारी

प्रिय दहा नंबर,

चौतीस वर्षांची झालीस, मोठ्या कचेरीत बसतेस, तरी पत्राच्या डोक्यावर मी हेच लिहिणार. शिडीवरून मी चौदाचा पाना मागितला, सतराचा मागितला, तू आपली दहा नंबरचाच हातात द्यायचीस आणि खालून विचारायचीस, "बसला का मामा?" कधी कधी बसायचाही.

बातमी अशी की गाळा विकला. एकतीस वर्षं त्यात लिफ्टच्या मोटारी दुरुस्त केल्या, आता तिथे चष्म्याचं दुकान होणार. घेणाऱ्याला मी म्हटलं, भिंतींना ग्रीसचा वास आहे, जायचा नाही. तो म्हणाला, रंग मारू. मारू दे बापड्याला. शटर ओढून किल्ली त्याच्या हातात दिली आणि सवयीने पुन्हा खिसा चाचपला. मामी बाजूला होती, ती पुढे चालू लागली.

आता पैसे आले आहेत आणि घरात पाहुणा येऊन बसल्यासारखे बसले आहेत. माझ्यासाठी मला काही नको. पण मी नसेन किंवा कामाचा राहणार नाही, तेव्हा तुझ्या मामीचं भाडं, जेवण आणि औषध ह्यातूनच निघायचं आहे. दुसरं आमच्याकडे काहीही नाही, हे तुला ठाऊक आहे.

मागच्या खेपेला तू तुमच्या कंपनीचं गुळगुळीत पुस्तक टेबलावर विसरून गेलीस, ते मी तीनदा वाचलं. मला समजलं ते असं, की बऱ्याच लोकांनी पैसे एकत्र करायचे, कंपनीने त्यातून शंभर-दीडशे बिऱ्हाडांच्या भाड्याच्या इमारती घ्यायच्या, दर तिमाहीला भाड्यातला वाटा द्यायचा आणि शेवटी इमारत विकून मुद्दल. नवव्या पानावर एक ओळ आहे. सात वर्षं पैसे काढता येणार नाहीत. हे खरं का? मी काठी घेऊन तुमच्या दारात आलो, आरडाओरडा केला, रडलो, तरी नाही? एवढ्याचं मला स्वच्छ उत्तर दे.

आणि कागदावर लिही. फोनवर मी हो हो करतो आणि ठेवल्यावर मामी विचारते, काय म्हणाली हो पोर, तर माझी पाटी कोरी.

तुझा मामा

१३ फेब्रुवारी

मामा,

गाळा विकून झाल्यावर मला सांगतोस? मी तिथे झाडू मारलाय, ग्रीस पुसलंय, माझाही थोडा हक्क होता. शटर ओढायला तरी आले असते. असो. रागावले आहे, पण आता तुझ्या प्रश्नाकडे वळते.

पुस्तकात छापतात ते एक आणि मी तुला सांगते ते एक. आम्ही थकलेली इमारत घेतो. नळ गळतायत, जिना अंधारा आहे, निम्मी घरं रिकामी पडलीत, अशी. दुरुस्त करतो, घरं भरतो, भाडी वाढवतो. एकाच घराचा मालक असशील आणि भाडेकरू निघून गेला तर तुझं सगळं उत्पन्न बंद. दीडशे घरांत पाच रिकामी झाली तर बाकीची तग धरतात. ही जमेची बाजू, आणि ती खरी आहे.

पण इमारतीच्या निम्म्याहून जास्त किमतीचं कर्ज असतं. व्याज वाढलं की भाड्यातून आधी बँक जेवते, मग आमची कंपनी आपली फी घेते आणि पातेल्यात उरेल ते तुला. उरलं नाही तर त्या तिमाहीला नाही. तिमाहीच्या वाट्याचं वचन कोणीच देत नाही, देतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नकोस.

आता नववं पान. हो, खरं आहे. हा खासगी फंड आहे. शेअरसारखा सकाळी उठून विकता येत नाही, कारण विकत घ्यायला समोर कोणी उभंच नसतं. काठी घेऊन आलास तरी नाही. रडलास तरी नाही. मी साहेबांच्या पाया पडले तरी नाही. आणि मामा, हाच त्याचा सगळ्यात मोठा दोष आहे. गुंतवणूकदारांची पत्रं माझ्या टेबलावर येतात. एका निवृत्त शिक्षिकेचं छप्पर गळतंय, एका गृहस्थांच्या मणक्याचं ऑपरेशन आहे, आणि पैसे आमच्याकडे अडकलेत. त्यांना नकाराच्या चार ओळी मीच लिहिते. आता त्या मला पाठ झाल्यात.

म्हणून माझं ऐक. तीन भाग कर, एक भाग इथे घाल, दोन भाग बँकेत ठेव. इथे त्याच्यावर एक पैसाही नको.

आणि हे पत्रांचं काय खूळ घेतलंयस? पोस्टमन मला विचारतो, लग्न ठरलेला मुलगा कुठे असतो. मी म्हटलं, मुलगा नाही हो, मामा आहे.

तुझी दहा नंबर

२२ फेब्रुवारी

प्रिय दहा नंबर,

कागदावर लिहिलंस, बरं केलंस. काठीचं उत्तर मी कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे.

तुमच्या पुस्तकात फोटो असलेली एक इमारत आमच्याकडून बसने सहा थांब्यांवर आहे. जाऊन आलो. जुनं निळं जॅकेट घातलं, खिशात टेस्टर लावला. दारावरच्या माणसाने काही विचारलं नाही. ह्या जॅकेटला जगात कोणी अडवत नाही. थेट गच्चीवरच्या मोटारीच्या खोलीत गेलो. इमारत कशी चालली आहे हे तुमच्या तक्त्यांपेक्षा तिथल्या कार्डावरून कळतं. दर महिन्याला मेकॅनिकने येऊन त्यावर सही करायची असते. बाराही सह्या एकाच पेनाच्या आणि एकाच तिरपेपणाच्या असल्या, तर समजायचं की पठ्ठ्याने एका दिवशी बसून वर्ष उरकलंय. इथे निळी, काळी, पुन्हा निळी, एक तर पेन्सिलची. तेल ताजं. चौथ्या मजल्यावर लिफ्ट अर्धं बोट वर थांबते, ते दुरुस्त करायला सांग. म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकेल.

त्याच मजल्यावर एक बाई बाबागाडी ओढत होती, तिला मदत केली. विचारलं, घर कसं आहे? म्हणाली, भाडं वाढवलं मेल्यांनी. मग म्हणाली, पण गरम पाणी यायला लागलं. भाड्यावर चिडलेली आणि पाण्यामुळे राहिलेली. माझ्या मनात आलं, उद्या मामीच्या ताटात पडेल त्यातलं थोडं हिच्या ताटातून आलेलं असेल. बसमध्ये ते डोक्यातून गेलं नाही. पण निदान लिफ्ट चांगली ठेवली आहे.

तर ठरलं. सगळे घालतो. फॉर्म भरून सोबत जोडला आहे, पुऱ्या रकमेचा चेकही. तीन भाग, दोन भाग असलं मला सांगू नकोस. हिशेब माझा आहे आणि मी तो नीट केला आहे.

हो, एक सांगायचं राहिलंच. गाळा विकला. चष्म्याचं दुकान होणार आहे तिथे.

तुझा मामा

३ मार्च

मामा,

फॉर्म पोचला, चेकही पोचला. आता काळजी करू नकोस.

चौथ्या मजल्यावरच्या लिफ्टचं दुरुस्तीवाल्यांना कळवलं. त्यांनी विचारलं, तक्रार कोणाची? मी म्हटलं, एका जाणकाराची.

गाळ्याची बातमी दुसऱ्यांदा दिलीस. म्हणजे मनाला फार लागलंय तुझ्या. लागणारच. बोलत जा ना माझ्याशी, सगळं विनोदावर नेऊ नकोस. मेमध्ये रजा काढून चार दिवस येते. तेव्हा समोरासमोर बसून सगळ्यावर बोलू.

मामीला सांग, तिने पाठवलेला स्वेटर कचेरीत घालून बसते. इथे एसी इतका गार असतो की आमचे साहेबसुद्धा गळपट्टा गुंडाळून सह्या करतात.

तुझी दहा नंबर

११ एप्रिल

प्रिय दहा नंबर,

गेले पाच आठवडे मी पिसासारखा हलका झालो आहे. कुलूप लागलं, सुटलो. मध्ये काही महिने मी फोन वाजला की संडासात जाऊन बसायचो, मामी उचलेपर्यंत. आता पहिल्या घंटीला उचलतो.

आणि मजा ऐक. परवा एक गोड आवाजाचा माणूस आला फोनवर. बँकेतून बोलतोय म्हणाला, तुमचं खातं बंद पडणार आहे, नंबर सांगा. मी ओळखलं, हा चोर. एरवी घाम फुटला असता. पण खिसा रिकामा असला की चोराशी गप्पा मारायला माणसाला काय जातं? खात्याचा नंबर सांगितला. कार्डाचा सांगितला. फोनवर सहा आकडे आले, तेही वाचून दाखवले, एकेक करून, चष्मा शोधण्याचं नाटक करत. अर्धा तास खेळवला त्याला. काल पुन्हा आला, पुन्हा आकडे वाचले. बिचारा किती आदराने बोलतो! मनात म्हटलं, खण बाबा, विहीर कोरडी आहे. मामी चिडली, पण मी इतका हसलो की ठसका लागला.

मेमध्ये येतेस ना? तुझी खोली झाडून ठेवली आहे.

तुझा मामा

१९ एप्रिल

पोरी,

पत्र लिहायचा मला सराव नाही. इस्पितळाच्या धुलाईखात्यात जन्म गेला, चादरींची नोंद लिहिण्यापलीकडे पेन धरलं नाही. तरी लिहिते, कारण फोनवर तू इतकी रडत होतीस की मला निम्मंच कळलं. ह्यांचं पत्र वाचताक्षणी तू फोन केलास, मी पदरच्या चार पैशांची रिक्षा केली आणि आम्ही दोघं बँकेत धावलो.

चौथा हिस्सा गेला. उरलेले तीन वाचले. खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, एका दिवसात ठरावीक रकमेच्या वर जात नाही म्हणून वाचले, आणखी काही दिवस गेले असते तर काही उरलं नसतं. तिने खातं गोठवलं, तक्रार लिहून घेतली, ह्यांना पाणी दिलं. भली मुलगी.

हे बाकावर बसले आणि एकच विचारत राहिले, "पण पैसे इथे कसे? ते तर कुलपात आहेत ना?" मी तुझं नाव घेतलं नाही. तूच काय ते सांग.

आता ह्यांनी मला शपथ घालून गप्प ठेवलं होतं ते सांगते. शपथ गेली खड्ड्यात. मागच्या वर्षी ह्यांना एक लिफ्ट उघडून तिच्यासमोर दोन तास बसलेलं त्यांच्या कारागिराने पाहिलं. कुठली तार कुठे जाते ते आठवेना. मग मी मोठ्या डॉक्टरकडे नेलं. स्मरणाचा आजार आहे, पोरी. हळूहळू वाढणारा. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन वर्षं बरी जातील, मग सांगता येत नाही. त्याच महिन्यात ह्यांनी कोण्या फोनवाल्याला स्वस्तात पंखे मिळण्याच्या योजनेचे म्हणून पैसे दिले होते. रक्कम लहान होती, पण हे आठवडाभर जेवले नाहीत. गाळा त्यासाठी विकला. म्हणून फोन उचलत नव्हते. आणि म्हणून तुझी पत्रं हवी होती, पुन्हा पुन्हा वाचता येतात म्हणून. तुझं प्रत्येक पत्र उशाखाली असतं.

तुला कळू द्यायचं नव्हतं. म्हणायचे, पोर नोकरी सोडून येऊन बसेल.

मी ठीक आहे. खाते, झोपते.

मामी

२४ एप्रिल

मामा, मामी,

कोणा एकाला लिहायची हिंमत नाही म्हणून दोघांना लिहिते.

मामा, तुझा फॉर्म मी पुढे पाठवलाच नाही. तो आणि तुझा चेक माझ्या टेबलाच्या खालच्या खणात होता, एका जुन्या कॅलेंडरखाली. "फॉर्म पोचला, काळजी करू नकोस" असं लिहिलं तेव्हा मला नीट माहीत होतं की तू त्यातून काय समजशील. त्यात एकही शब्द खोटा नव्हता आणि सगळं मिळून खोटं होतं. हे काम मी कचेरीत पगार घेऊन करते, मामा. ते तुझ्यावर वापरलं.

मला वाटलं तू हट्टाला पेटलायस. वाटलं, पुस्तकातले आकडे बघून तुलाही मोह पडला. फंडात पैसे घ्यायची पुढची फेरी जूनमध्ये होती, त्याआधी मेमध्ये येईन, तुला समजावेन आणि एक भागाचा नवा फॉर्म भरून घेईन, असा माझा शहाणा बेत होता. छप्पर गळणाऱ्या बाईंना लिहिते त्या चार ओळी तुला कधी लिहायला लागू नयेत एवढंच मला हवं होतं. तू गाळ्याची बातमी दोनदा दिलीस. फोनवर बोलणं टाळलंस. काठी, रडणं, आरडाओरडा, सगळं लिहिलंस. सगळं समोर होतं आणि मी त्यावर थट्टा करत बसले.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी तो फॉर्म मागवून पाहिला. मग म्हणाले, उद्यापासून फॉर्मच्या टेबलावर बसू नका. नोकरी राहिली. गेली असती तरी मला बोलायला तोंड नव्हतं.

गेलेला चौथा हिस्सा मी भरून देणार आहे. पगारातून दर महिन्याला, जितकी वर्षं लागतील तितकी. ह्यावर वाद नको.

मला माफ कर असं लिहिलं होतं, ते खोडलं. तू मला आजार सांगितला नाहीस, मी तुला खण सांगितला नाही. आपण दोघं एकाच घरात वाढल्याचं दिसतं.

दहा नंबर

९ मे

प्रिय दहा नंबर,

हे पत्र मी चार दिवस लिहितो आहे, सकाळी नाश्त्यानंतर, कारण तेव्हा डोकं स्वच्छ असतं. मामी शेजारी बसून वाचते आहे आणि मान हलवते आहे. तिची मान हलली नाही तिथे मी खोडलं आहे.

तुझा राग आला. दोन दिवस होता. मामी म्हणते, चार. मग ओसरला. पगारातून भरायचं बंद. तुझा पैसा आला तर मी परत पाठवेन, ओळखत असेन तोवर. तुझ्या शाळेच्या फीला मी कधी पावती मागितली नव्हती.

कुलपाचं तुला सांगायला हवं होतं. लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना आम्ही मेन स्विच बंद करतो आणि त्याला आपलं स्वतःचं कुलूप घालतो. किल्ली आपल्याच खिशात. का? तर आपण खाली असताना वर कोणीतरी येतो, लिफ्ट का बंद म्हणून करवादतो आणि स्विच टाकतो. तो वाईट माणूस नसतो. भला असतो, घाईत असतो. माझ्या कामावरचे दोघं अशा भल्या माणसांमुळे गेले. डॉक्टरांनी मला आजार सांगितला तेव्हा मला एवढंच दिसलं की आता तो भला, घाईतला माणूस मीच होणार आहे, आणि खड्ड्यात तुझी मामी असेल. माझ्याच हातांपासून तिचे पैसे लांब ठेवायचे होते. नफ्याचं पान मी धड वाचलंही नाही. तू ज्याला दोष म्हणालीस तोच मला हवा होता.

तुझी चूक झाली, तशी माझीही झाली. कुलूप घातल्यावर आम्ही ते एकदा ओढून बघतो. शिकाऊ उमेदवाराला हे पहिल्या दिवशी शिकवतात. मी बँकेत जाऊन एकदा पासबुक भरून आणलं असतं तर कळलं असतं. मी ओढून न बघता खड्ड्यात उड्या मारल्या आणि वर चोराला आकडे वाचून दाखवले. किती हसलो होतो ग.

आता असं कर. उरलेल्या पैशांचे तीन भाग. एक तुमच्या फंडात, मामीच्या एकटीच्या नावाने. इमारत बरी आहे, मी बघितली आहे. दोन बँकेत, तुझ्या आणि मामीच्या अशा दोन सह्यांचं खातं. मला पुढे सांभाळायला माणूस लागेल, तर सगळं सात वर्षांना अडकवून चाललं नसतं, हे तुझं बरोबर होतं. माझं नाव कशावरही नको. परवा वकिलाकडे जाऊन मी तसं लिहून दिलं. सही करताना हात थांबला. एकतीस वर्षं पाटीवर माझं नाव होतं. मग केली.

आता मुख्य गोष्ट. एक दिवस असा येईल की मी पैसे मागेन. भांडेन. तुला चोर म्हणेन, मामीला त्याहून वाईट म्हणेन. कदाचित त्या दिवशी मी फार शहाण्यासारखा बोलेन, अगदी मुद्देसूद, आणि तुम्हाला वाटेल की म्हातारा बरा झाला. ऐकायचं नाही. फेब्रुवारीत तू माझं ऐकलं नाहीस ना, तसंच तेव्हाही ऐकायचं नाही. फक्त ह्या खेपेला लपवायचं नाही. हे पत्र मला दाखवा. ह्याची एक प्रत मामीकडे ठेवली आहे. तारीख घातली आहे, अक्षर माझं आहे, सही माझी आहे. दुसऱ्या कोणाचं नाही पटलं तरी माझं मला पटेल, असं वाटतं.

तू लवकर ये. अजून मी सगळ्या पान्यांचे नंबर सांगतो, आणि ते किती दिवस ते ठाऊक नाही.

तुझा मामा

सोमवार

मॅडम,

तुमच्या कंपनीने माझ्या गाळ्याचे पैसे दाबून ठेवले आहेत. मला कोणी विचारलं नाही. मला नवी मोटार घ्यायची आहे, गिऱ्हाईक खोळंबलं आहे. माझ्या घरात एक बाई आहे ती तुम्हाला सामील आहे. पैसे आठ दिवसांत परत करा, नाहीतर मी स्वतः येतो. मी लिफ्टचा माणूस आहे, मला वरपर्यंत कसं जायचं ते कळतं.

२१ सप्टेंबर

पोरी,

सोबतचा कागद ह्यांनी तुला लिहिला आहे. पोस्टात टाक म्हणून माझ्या हातात दिला आणि दारापर्यंत मागे आले, टाकते की नाही बघायला. टाकला नसता तर खोटं झालं असतं, आणि लपवायचं नाही असं आपलं ठरलं आहे. म्हणून पाठवते. मनाला लावून घेऊ नकोस. तुला मॅडम तरी म्हणाले.

ह्या मे महिन्यात त्या सगळ्याला दोन वर्षं झाली, आता वर चार महिने. भाड्याचा वाटा ह्या तिमाहीला थोडा कमी आला, तू कळवलं होतंस तसंच. बँकेतून दिवसाच्या बाईचा पगार वेळेवर जातो. ती ह्यांना आंघोळ घालते, दाढी करते, ह्यांची बडबड ऐकते. ती नसती तर मी कधीच आडवी झाले असते.

काल मात्र हे फार तापले. मला नाही नाही ते बोलले. कपाट उघडून कागद उपसले. शेवटी मी ती प्रत काढली आणि समोर ठेवली. वाटलं, फाडून टाकतील.

चष्मा लावला. खिडकीशी खुर्ची नेली. पूर्वी मोटारीचं माहितीपत्रक वाचायचे तसं, ओळीखाली बोट धरून, सगळं वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मला वाटत होतं, आता अक्षर ओळखतील, आता ओळखतील.

मान वर करून मला विचारलं, "हा माणूस कोण?"

मी म्हटलं, "आहे एक. लिफ्टचं काम करायचा."

"ते दिसतंयच. तुझ्या ओळखीचा आहे?"

"हो. फार जुना."

चष्मा काढून खिशात ठेवला. मग नीट घडी घालून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चांगला माणूस आहे. बायकोची फार काळजी आहे त्याला. तो सांगतोय तसं करा तुम्ही, पैशांना हात लावू नका. आणि भेटला तर त्याला सांग, त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं."

मी म्हटलं, सांगते.

मामी